क्लास काढलाय

घरमालक अंबुलगेकर जिन्यात गाठतात :
रात्री तीनपर्यंत लाइट कशाला गं?
मी म्हणते, क्लासचं काम चाललंय.
लातुरात या वाक्याला एकच अर्थ.
"अकरावीचा का नीटचा?"
आणि भाडं त्यांच्या डोळ्यांत
जागच्या जागी वाढतं.

माझ्या क्लासात बाक नाहीत.
चार दारं आहेत फक्त :
जोड, तोड, पाठव,
आणि आलं तर सांग.
बाकी सगळं आतल्या खोलीत,
कडी लावून.
प्रल्हाद म्हणतो, एवढं कशाला,
कोंब सगळं एकातच, चालतंय की.
चालतंय. पण चालतं ते दुरुस्त करायला
दोन वर्षांनी मीच बसणार आहे.

गेटवेच्या अलीकडे साधे फोन,
मराठीत सत्तर अक्षरांवर धाप लागणारे.
पलीकडे उदगीरची रक्तपेढी, तिचं चॅट.
मधे माझा क्लास.
दोघांच्या बोली वेगळ्या,
दोघांनाही वाटतं समोरचा आपलंच बोलतोय.

या प्रोटोकॉलात मेसेजच्या तुकड्याला
कडवं म्हणतात.
खरंच म्हणतात.
कडवं मिटल्याशिवाय वाचायचं नाही, असा नियम.
मी घाईत तो मोडला होता.
चाचणीत नेट मधेच गेलं, आणि स्क्रीनवर आलं :
ओ निगेटिव्ह दोन पिशव्या
"नकोत" मागे राहिलं,
वायरीत, हवेत, कुठं ते देव जाणे.
मग मी एक फंक्शन लिहिलं,
अर्धवट वाक्याचा अंदाज बांधणारं.
हुशार होतं. दहातले नऊ बरोबर यायचे.
मी त्याच्यावर खूश होते.

त्याच आठवड्यात अंबुलगेकर एक कागद घेऊन आले.
निजामाच्या काळातला, उर्दूतला, घडीवर फाटलेला.
"तुझ्या कॉम्प्युटरला वाचता येतं का?"
नाही म्हटलं. स्कूटीवर मागं बसवून
औशाला नेलं, तहसीलीबाहेर,
जिथं दस्तगीरचाचा लिंबाखाली
पत्र्याच्या पेटीवर तर्जुमा करून देतात.

भिंग कागदावरून मुंगीसारखं सरकलं.
सर्वे नंबर. पूर्वेला ओढा. पश्चिमेला कुणाची तरी विहीर.
घडीपाशी थांबलं.
"तिथं आंबराई असंल," अंबुलगेकर म्हणाले,
"लिहून टाका की. आमची आंबराई होतीच."
चाचांनी भिंग खाली ठेवलं.
"कागद जिथं गप हाय, तिथं मीबी गप."
आणि मराठीत, गोल अक्षरात लिहिलं :
येथे वाचता येत नाही.
सही केली. शंभर रुपये घेतले.
अंबुलगेकर परतीच्या वाटेत
एक शब्द बोलले नाहीत, बुधोड्यापर्यंत.

त्या रात्री मी ते फंक्शन पुसलं.
चाळीस ओळी.
त्या जागी एक : कडवं अपुरं, पुन्हा मागव.
आणि प्रत्येक निरोपाला नंबर दिला,
म्हणजे तुटून जोडल्यावर तोच पुन्हा आला
तरी दोन पिशव्यांच्या चार व्हायच्या नाहीत.
जोडणी तुटली तर
एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, मग आठ.
रुसलेल्या माणसाच्या दारात
कडी किती वेळानं वाजवावी
हे ज्यानं ठरवलं, तो बहुतेक लग्न झालेला असावा.

प्रल्हादनं कोड पाहिला.
म्हणाला, कमीच वाटतंय.
हो म्हटलं.

पहिल्या तारखेला भाडं दोनशेनं वाढलं.
पैसे मोजता मोजता अंबुलगेकरांनी विचारलं :
"क्लासला पोरं मिळाली का?"
एक मिळालंय, म्हटलं, उदगीरचं.
दर तीस सेकंदांनी विचारतं, आहेस का?
मी म्हणते, आहे.
"बास? मग शिकवतेस काय?"